वाकड्या पायरीची शिडी

मी एक जुनी शिडी आहे. जुनी म्हणजे किती, तर माझ्यावरून चढलेली बहुतेक माणसं आता या जगात नाहीत. मला पायऱ्या पाचच. अंग हलक्या धातूच्या नळ्यांचं, डोक्याशी अडकवायला दोन आकडे. चार पायऱ्या सरळ आहेत आणि सगळ्यात खालची वाकडी.

मित्रांनो, सध्या माझा मुक्काम जर्मनीत वाल्डॉर्फ गावी आहे, एका मराठी घराच्या बाल्कनीत. माझ्या पायऱ्यांवर कुंड्या मांडल्या आहेत. मेथी, मिरची आणि एक रुसलेला कढीपत्ता. त्याला इथली हवा मानवत नाही, पण हे वसुधाताईंना सांगायचं कुणी? खालच्या पायरीवर मात्र त्या काहीच ठेवत नाहीत. ठेवलं तर घरंगळतं, हे त्याचं एक कारण. दुसरं कारण मोठं आहे, आणि ते सांगितल्याशिवाय माझी गोष्ट पुरी होत नाही.

माझा जन्म देसाउ गावातल्या एका कारखान्यात झाला. ज्या बाईनं माझ्या पायऱ्या ठोकून बसवल्या तिला घरी जायची घाई होती. तरी तिनं प्रत्येक पायरीवरून अंगठा फिरवून पाहिला, कुठं बोचत तर नाही ना म्हणून. शिडीवर माणसं पाय ठेवतात हे सगळ्यांना ठाऊक असतं. हातही धरतात, हे त्या बाईच्या लक्षात होतं.

मग मला एका विमानाला देऊन टाकलं. विमान लढाऊ नव्हतं, ओझ्याचं होतं. तीन इंजिनं, बेढब पोट आणि अंगभर पन्हळी पत्रा, तुमच्याकडे गोठ्यावर घालतात तसा. सैनिक त्याला लाडानं आत्याबाई म्हणत. विमान उतरलं की मला दाराला अडकवून खाली सोडायचं, आणि निघायची वेळ झाली की आत ओढायचं. माझी सारी नोकरी या दोन हालचालींची. आभाळ मी कधी नीट पाहिलंच नाही. मी जमिनीवरच्या माणसांसाठी होते.

आमच्या विमानाचा वैमानिक होता वेंडेलिन हाउक. पंचविशीचा, द्राक्षमळ्यांच्या गावातून आलेला, लाल कानांचा तरुण. धुकं असो, बर्फ असो, हा विमान अलगद खाली ठेवायचा, जशी एखादी बाई झोपलेलं मूल खाली ठेवते. चढताना माझ्या वरच्या पायरीवर बुटानं एकदा ठोकायची त्याला सवय होती. मला वाटायचं, हा मला शाबासकी देतो. शाबासकीची मला भारी हौस होती.

पण आम्ही वाहत काय होतो? जाताना बंदुकीच्या गोळ्यांच्या पेट्या. आणि ज्या राज्यासाठी वाहत होतो, ते राज्य माणसं मारायचे कारखाने चालवत होतं. शिडीला हे तेव्हा ठाऊक नव्हतं. हाउकला किती ठाऊक होतं ते तोच जाणे. त्यानं विचारलं मात्र कधीच नाही.

एका उन्हाळ्यात युक्रेनमधल्या एका खेड्यातून आम्ही परतीचा माल घेतला. धान्याची पोती होती, गावातून उचललेली. सैनिक माझ्यावरून पोती वर चढवत होते आणि डोक्याला रुमाल बांधलेली एक म्हातारी बाजूला उभी होती. ती रडली नाही की ओरडली नाही. एक पोतं फाटलं, दाणे माझ्या पायऱ्यांवरून खाली सांडले, तेव्हा ती वाकून ते वेचायला लागली. हाउक तेव्हा दारातच उभा होता. त्यानं घड्याळात पाहिलं आणि आत गेला. त्या दिवशी त्यानं माझ्यावर बुटानं ठोकलं नाही.

मग हिवाळा आला. वोल्गाकाठच्या स्टालिनग्राड शहराशी जर्मन फौज वेढ्यात अडकली. दुसऱ्याच्या देशात आपणहून शिरून अडकली, हे तुम्ही विसरू नका. मीही विसरत नाही. आम्ही पाव आणि गोळ्या घेऊन जायचो आणि जखमींना घेऊन परतायचो. थंडी अशी की उघडा हात मला लागला तर कातडं माझ्याशीच राहायचं. इंजिनं बंद करायची नाहीत, कारण बंद केली तर पुन्हा सुरू होतील याची खात्री नव्हती. ज्याच्या कोटाच्या बटणाला डॉक्टरची चिठ्ठी बांधलेली असेल त्यालाच वर घ्यायचं, असा नियम होता. दाराशी आलोइस नावाचा यंत्रज्ञ उभा राहायचा. तो चिठ्ठी बघायचा, हात द्यायचा, वर ओढायचा. माझ्यावरून किती पाय गेले सांगू? बूट घातलेले पाय, गोणपाटात गुंडाळलेले पाय, आणि काही वेळा एकच पाय.

शेवटच्या फेरीला तोफगोळे मैदानावरच पडायला लागले. विमान भरत आलं होतं. आलोइस हात देत होता, आणि एक पोरगेलासा सैनिक माझ्यापाशी पोचला. त्याच्या बटणाला चिठ्ठी होती. त्यानं खालच्या पायरीवर पाय ठेवला. त्याचं ओझं मला अजून आठवतं, कारण ते जवळजवळ नव्हतंच.

पुढून हाउक ओरडला, "शिडी आत घे!"

"एक जण आहे अजून," आलोइस ओरडला.

उत्तर इंजिनांनी दिलं. विमान हललं. सैनिकाचा पाय सुटला, पण दोन्ही हात माझ्या खालच्या पायरीला होते. तो धावला. मग त्याला धावता येईना. माझं खालचं टोक गोठलेल्या जमिनीवर घासत, आपटत गेलं आणि पायरी वाकली. मग ओझं गेलं. त्यानं हात सोडले की हात आपोआप सुटले, हे मला सांगता येणार नाही. आलोइसनं मला आत ओढलं आणि तो माझ्याकडे न बघता भिंतीकडे तोंड करून बसला.

आता जे सांगते ते नीट ऐका. विमान सहज उचललं. चाकं जमिनीवरून सुटली तेव्हा पुढे धावपट्टी उरली होती. थोडीथोडकी नाही, भरपूर उरली होती. हाउकनं ती पाहिली. वैमानिकाला तेवढं दिसतंच.

पुढे एका समारंभात त्याच्या गळ्यात शौर्याचा मोठा क्रॉस घातला गेला. किती जणांना त्यानं बाहेर काढलं तो आकडा मोठ्यानं वाचला, टाळ्या झाल्या. माझंही कौतुक झालं बरं का. कुणीतरी म्हणालं, शिडी मजबूत आहे, एवढं घासूनही तुटली नाही. शाबासकीची हौस माझी तिथं फिटली.

वसंतात आलोइस दुसऱ्या विमानाबरोबर गेला तो आला नाही. आमच्या आत्याबाईंचं एक चाक उतरताना मोडलं आणि त्यांचे सुटे भाग करायचं ठरलं. हाउकनं मला विमानाच्या दारावरून काढलं आणि सोबत घेतलं. कुणी विचारलं तेव्हा म्हणाला, "घरी बागेत कामाला येईल."

बागेत त्यानं मला एकदाही नेलं नाही.

युद्ध हरल्यावर हाउक लुडविग्सहाफेनला आला आणि ट्राम चालवायला लागला. जवळच्याच एका गावात त्यानं घर बांधलं, लग्न केलं, गुडरुन नावाची मुलगी झाली. मला तळघरात बटाट्याच्या खोक्यांमागे भिंतीशी तोंड करून उभं केलं. गावच्या बातम्या मला तिथंच कळायच्या, वरून येणाऱ्या बोलण्यातून. ट्रामचा हाउक कुणी धावत येताना दिसलं की थांबायचा. लांबच्या वळणावर छत्री हलली तरी थांबायचा. साहेब बोलावून झापायचे, वेळापत्रक कोलमडतं म्हणायचे. हा मान हलवायचा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा थांबायचा. लोक त्याला उशिराचा हाउक म्हणत आणि त्याच्याच ट्रामनं जात. गुडरुन अभिमानानं सांगायची, माझे बाबा कुणाला मागे सोडत नाहीत. हे ऐकलं की तळघराच्या जिन्यात त्याची पावलं मधेच थांबत.

लहानपणी गुडरुननं एकदा विचारलं होतं, "ही पायरी कशानं वाकली?"

"घर बदलताना," तो म्हणाला.

वर्षं गेली. बायको गेली. हाउकचे हाउक आजोबा झाले. गुडरुन नदीपलीकडे मानहाइमला राहायला गेली आणि शनिवारी यायला लागली. वरचा मजला भाड्यानं दिला, तो यशोधन आणि वसुधाताई या मराठी जोडप्याला. यशोधन लुडविग्सहाफेनच्या मोठ्या रसायनसंकुलात यंत्रांचा इंजिनिअर. वसुधाताई रात्रशाळेतून जर्मन शिकल्या होत्या, व्याकरण हातात धरून जपून बोलायच्या. मी आयुष्यभर जर्मन ऐकली, आता जिन्यातून मराठी उतरू लागली. शिडीला भाषा पावलांवरून कळते. मराठी पावलं घरात अनवाणी असतात.

दोन हजार बारा साली हाउक आजोबा पंचाण्णव वर्षांचे झाले. जुन्या विमानांची आवड असलेल्या गावातल्या एका मंडळानं त्यांचा सत्कार ठरवला. पितळी पाटी करून मंडळाच्या दालनात लावायची, तिच्यावर त्यांचं नाव आणि वाचवलेल्यांचा आकडा. मंडळाचे लोक दोनदा विचारून गेले, तुमच्या विमानाची एखादी वस्तू आहे का हो, पाटीखाली ठेवायला?

"काही उरलं नाही," हाउक आजोबा म्हणाले.

पाटीला मात्र ते नाही म्हणाले नाहीत. गुडरुनला एवढा आनंद झाला होता की तिच्यासमोर नाही म्हणायचं त्यांच्यानं होईना. पाटी एकदा भिंतीवर गेली की तो आकडा म्हणजेच हाउक, असं कायमचं ठरणार होतं. रात्री ते तळघरात यायचे, दिवा न लावता खोक्यांपाशी उभे राहायचे, आणि परत वर जायचे.

त्याच महिन्यात दिवाळी होती, आणि यशोधनची आई, शोभनाबाई, पुण्याहून मुलाकडे आल्या होत्या. येताना आकाशकंदिलाचं सामान घडी करून आणलं होतं, आणि मनात साफसफाईचा बेत. वरचं घर दोन दिवसांत चकचकीत करून त्या तळघरात उतरल्या.

"अहो आई, ते आपलं नाही," वसुधाताई मागून धावत आल्या. "तळघरातलं आपलं केलर एवढंच. जाळीच्या पलीकडे हाउक आजोबांचं."

"लक्ष्मी काय तुमचं केलर कोणतं, त्यांचं कोणतं ते विचारून येते? मधे नुसती जाळी. कचरा दिसायचा तो दिसतोच."

"त्यांना विचारायला हवं ना पण."

"मग विचार की. नको कोण म्हणतंय? तू विचारून ये, तोवर मी झाडते."

वसुधाताई वर गेल्या. हाउक आजोबांच्या स्वयंपाकघरात मुक्कामाला आलेली गुडरुन बापाचा समारंभाचा कोट इस्त्री करत होती. ती म्हणाली, "बरं तर, मोडकं असेल ते सगळं जाऊ द्या, वसुधा. उद्या श्पेरम्युल आहेच." श्पेरम्युल म्हणजे घरातलं अवजड भंगार फुटपाथवर मांडायचा दिवस. त्या दिवशी अख्खं गाव आपलं अडगळीचं पोट रस्त्यावर मोकळं करतं.

ज्यांचं तळघर त्यांना मात्र कुणीच विचारलं नाही. ते खिडकीशी बसले होते, आणि पंचाण्णवाव्या वर्षी माणूस खिडकीचाच भाग धरला जातो.

शोभनाबाईंनी मला बाहेर ओढलं, पदर खोचून पाहिलं. "बघ, पायरी वाकलेली आहे. पाय घसरून पडायचं कुणीतरी. मोडकी वस्तू दिवाळीला घरात नको."

"शिडी चांगली आहे आई, आकाशकंदील लावायला झाली असती."

"वाकडीवर चढून कंदील लावणार? यशोधन उंच आहे, स्टुलावर उभा राहील."

अशी मी जवळजवळ सत्तर वर्षांनी उजेडात आले. फुटपाथवर एका गादीच्या आणि मोडक्या सुटकेसच्या मधे मला आडवं ठेवलं. समोर खिडकी होती. हाउक आजोबांनी मला पाहिलं.

मित्रांनो, मला वाटलं होतं ते लगेच बाहेर येतील. ते आले नाहीत. कॉफीचा पेला धरून बसून राहिले. सगळी रात्र गेली, सकाळ झाली, ते पुन्हा खिडकीशी. त्यांचा चेहरा मी वाचला. त्यावर लिहिलं होतं, जाऊ दे. कुणी ढकललं नाही, कुणी विचारलं नाही, आपोआप जातेय तर जाऊ दे.

नगरपालिकेची गाडी यायच्या आधी धातू वेचणारे फिरतात. एक पांढरी मालगाडी आली. जाड मिशांचा एकटा चालक उतरला, मला एका हातानं उचललं, सायकलींच्या सांगाड्यांवर फेकलं. माझं खालचं टोक गाडीच्या मागे बाहेर लोंबत राहिलं. तो पुढे जाऊन बसला. इंजिन सुरू झालं.

इंजिनाचा आवाज झाला आणि घराचं दार उघडलं.

हाउक आजोबा पायात सपाता, अंगात लोकरी बनियन, चालताना धरायची आधाराची चाकगाडी घरातच टाकून बाहेर आले होते. ते धावत होते. पंचाण्णव वर्षांचा माणूस धावतो म्हणजे काय, ते पाहवत नाही. गाडी हळूहळू निघाली होती. त्यांनी हात पुढे केला आणि माझी खालची, वाकडी पायरी धरली. एक हात, मग दुसरा. ओरडायला त्यांच्यात श्वास नव्हता. ते नुसते धरून धावत होते. वरच्या बाल्कनीतून वसुधाताई किंचाळल्या.

चालकानं आरशात पाहिलं आणि गाडी थांबवली.

"काय हो आजोबा," तो उतरून म्हणाला. त्याचं जर्मन वसुधाताईंसारखंच बाहेरून आलेलं होतं. "मरायचंय का?"

"थांबा," हाउक आजोबा म्हणाले. "जरा थांबा."

"थांबलोय की. मला कुठं विमान पकडायचंय?"

हाउक आजोबांनी त्याच्याकडे बघितलं. पायरी त्यांच्या हातातच होती. ते म्हणाले, "एवढंच लागतं?"

चालकाला काही कळलं नाही. त्यानं मला खाली काढून दिलं, म्हाताऱ्याचा दंड धरून त्यांना कुंपणाला टेकवलं, आणि ते नीट उभे आहेत हे पाहूनच गेला.

नंतर सगळी हाउक आजोबांच्या स्वयंपाकघरात जमली. मला शोभनाबाईंनीच आत आणलं आणि दाराशी टेकवलं. चूक कुणाची ते त्यांना न सांगता कळलं होतं. वसुधाताई एन्टशुल्डिगुंग, एन्टशुल्डिगुंग, म्हणजे माफ करा, माफ करा, असं म्हणत होत्या. शोभनाबाईंनी आल्याचा चहा केला आणि चिवड्याची वाटी हाउक आजोबांसमोर सरकवली.

"खा म्हणावं. अंगात काही नाही त्यांच्या."

गुडरुन बापाच्या सोललेल्या तळहातांना पट्टी बांधत होती. "बाबा, एका मोडक्या शिडीसाठी?"

"माझ्या विमानाची आहे," ते म्हणाले.

"पण तुम्ही तर म्हणालात काही उरलं नाही. मंडळाला किती आनंद होईल."

"गुडरुन, ही पायरी घर बदलताना वाकली नाही."

मग त्यांनी सांगितलं. फार नाही. मी तुम्हाला सांगितलं त्याच्या निम्मंही नाही. शोभनाबाई सुनेच्या कोपराला बोट लावून विचारत होत्या, काय म्हणतात, काय म्हणतात. वसुधाताई हळूच म्हणाल्या, "आई, ते म्हणतात, विमान सहज उचललं. पुढे जागा उरली होती."

"एकाची?"

"धावपट्टीची. म्हणजे थांबता आलं असतं."

गुडरुन म्हणाली, "पण बाबा, तोफा चालल्या होत्या. तुम्ही कितीतरी जणांना वाचवलंत."

"त्यांना तिथं नेलंही आम्हीच होतं," हाउक आजोबा म्हणाले. "गोळ्याही आम्हीच नेल्या. पाटीवर दोन्ही आकडे लिहिणार असतील तर येतो म्हणावं."

शोभनाबाईंनी विचारलं, "त्या मुलाचं नाव काय होतं, विचार ना."

वसुधाताईंनी विचारलं. हाउक आजोबांनी मान हलवली. नाव ठाऊक नव्हतं. बटणाला बांधलेल्या चिठ्ठीवर असणार, पण वाचलं कुणी? शोभनाबाईंनी डोळ्याला पदर लावला. तो कुणासाठी लावला हे त्यांचं त्यांनाही ठाऊक नसावं.

गुडरुन उठली. मला वाटलं, चालली. ती माझ्यापाशी आली, वाकली आणि वाकड्या पायरीवरून अंगठा फिरवला, अगदी त्या देसाउच्या बाईसारखा. तिचा अंगठा बराच वेळ तिथंच राहिला. मग तिनं फोन उचलून मंडळाला सांगितलं की पाटी करू नका. मंडळाचे लोक नाराज झाले. इस्त्री केलेला कोट पुन्हा कपाटात गेला. बाप-लेकीत पुढचे काही शनिवार फार कमी बोलणं झालं, हेही खरं सांगायला हवं.

आणि आणखी एक खरं सांगते. धान्याच्या पोत्यांची आणि दाणे वेचणाऱ्या म्हातारीची गोष्ट हाउक आजोबांनी त्या दिवशी सांगितली नाही. नंतरही कधी नाही. आपल्या अपराधांतलेही माणसं निवडून घेतात; एक उराशी धरतात, दुसरा खोक्यामागेच ठेवतात. आपल्या गणवेशातल्या मुलासाठी ते सत्तर वर्षं झुरले. त्या बाईसाठी झुरायला मी एकटीच उरले आहे. म्हणून ती गोष्ट मी सांगितली.

संध्याकाळी यशोधन कामावरून आला, त्यानं सगळं ऐकलं आणि मला फिरवून फिरवून पाहिलं. इंजिनिअरच तो. "आमच्या वर्कशॉपमध्ये नेतो," तो हाउक आजोबांना म्हणाला. "दहा मिनिटांत सरळ होईल. कळणारही नाही."

"नाही," हाउक आजोबा म्हणाले. "कळायला हवं."

दिवाळीच्या पहिल्या संध्याकाळी अंधार लवकर पडला. शोभनाबाईंनी रचलेला आकाशकंदील तयार होता. यशोधन स्टूल आणायला निघाला, तेवढ्यात हाउक आजोबा मला घेऊन अंगणात आले. ओढतच आणलं, पण स्वतः आणलं. चेरीच्या झाडाला त्यांनी माझे आकडे अडकवले, मला हलवून पाहिलं आणि वसुधाताईंना म्हणाले, "चढा. मी धरलंय."

"अगं पडशील," शोभनाबाई म्हणाल्या. "आणि ते काय धरणार, त्यांनाच कुणीतरी धरायला हवं."

"चढते मी, आई."

वसुधाताईंनी खालची पायरी ओलांडून दुसरीवर अनवाणी पाय ठेवला. बाहेर नोव्हेंबरची थंडी होती, तो पाय गरम होता. हाउक आजोबांनी मला दोन्ही हातांनी, पट्ट्या बांधलेल्या हातांनी, घट्ट धरलं. दोरी गुंतली. वसुधाताईंना वेळ लागला. वरून त्या दोनदा म्हणाल्या, झालंच, झालंच. ते म्हणाले, "सावकाश." कंदील लागला, पिवळा उजेड झाडावरून खाली त्यांच्या लाल कानांवर पडला. वसुधाताई उतरल्या, गवतावर उभ्या राहिल्या, धन्यवाद म्हणाल्या. सगळे वर बघत होते. हाउक आजोबांनी मला सोडलं नव्हतं.

"सोडा म्हणावं आता त्यांना," शोभनाबाई कुजबुजल्या. "उतरलीस तू."

"असू दे, आई," वसुधाताई म्हणाल्या. "राहू देत थोडा वेळ."

पुढच्याच्या पुढच्या वसंतात हाउक आजोबा गेले. यशोधनला वाल्डॉर्फला नवी नोकरी लागली, तेव्हा गुडरुननं मला वसुधाताईंच्या हवाली केलं. शौर्याचा तो क्रॉस तिनं कुठं ठेवला, मला ठाऊक नाही.

मित्रांनो, जुन्या वस्तूंना जपा, तेल लावा, गंज चढू देऊ नका, असं सांगायची आमच्यात पद्धत आहे. ते तर कराच. पण माझं मागणं थोडं वेगळं आहे. मला सरळ करू नका. आणि कुठूनही निघताना, घाई कितीही असो, पुढे किती जागा उरली आहे ते आधी बघा, आणि मागे शेवटच्या पायरीशी कुणी पोचलंय का तेही बघा. थांबायला फार लागत नाही. तो मिशीवाला चालक थांबला होताच की.

उन्हाळ्यात कुंड्या वाढल्या की यशोधन म्हणतो, खालच्या पायरीवरही एक मावेल. वसुधाताई मान हलवतात. ती पायरी रिकामीच राहते. तिच्यावर आधीच एक जण आहे.